तांबड्या पाण्याचे नाव

खानदेशाला समुद्र नाही. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठी वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे मुंबईस गेल्यावर एकदा पाहून यावयाची वस्तू. अशा गावी, समुद्रातल्या एका डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाच्या नावागावाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो गैर नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यापासूनच सुरुवात करू.

२०२० च्या जून महिन्यात लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. हे शेवाळाचे काम असावे, असा तर्क प्रथम झाला. आणि तो स्वाभाविकही होता, कारण खाऱ्या पाण्याला तांबडा रंग आणणारे एक शेवाळ शास्त्राला ठाऊक आहे. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याची तपासणी झाली, तेव्हा हा रंग अतिशय खारट पाण्यात वाढणाऱ्या, शेवाळाहून सर्वस्वी वेगळ्या अशा सूक्ष्म जीवांचा असल्याचे दिसून आले. रंगावरून केलेला तर्क चुकला होता. लोणारला या चुकीने कोणाचे काही बिघडले नाही. समुद्रात मात्र अशीच चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तांबड्या पाण्याचा कर्ता कोण, हे ठरविण्याची विद्या कशी वाढत गेली, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर लिहिले गेले आहे.

समुद्र तांबडा होतो ही गोष्ट माणसाला फार प्राचीन काळापासून माहीत आहे. एरेनबर्ग नावाचा जर्मन शास्त्रज्ञ १८२३ साली तांबड्या समुद्राच्या काठी होता. तेथे पाण्यावर तरंगणारा तांबूस थर त्याने तपासला आणि तो सूक्ष्म धाग्यांच्या जुडग्यांचा असल्याचे दाखविले. हाच जीव उन्हाळ्यात कोकण-गोव्याच्या समुद्रावरही लाकडाच्या भुशासारखा पसरलेला दिसतो. डार्विनने १८३५ साली चिलीच्या किनाऱ्याजवळ तांबूस पाण्याचे पट्टे पाहिले. त्यांतील जीव आणखी निराळा होता. अशा रीतीने एकाच रंगाचे अनेक धनी आहेत, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात येऊ लागले होते.

१८५७-५८ ची साले आपल्याला निराळ्या कारणाने परिचित आहेत. सातपुड्यात खाज्या नाईकाचे भिल्ल इंग्रजांशी लढत होते. नेमक्या त्या धामधुमीच्या काळात मुंबई बेटावर हेन्री जॉन कार्टर हा सरकारी नोकरीतला डॉक्टर समुद्राचे तांबडे पाणी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहत होता. हा गृहस्थ मोठा व्यासंगी. १८४४ ते १८४६ या काळात अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या जहाजावर तो डॉक्टर म्हणून हिंडला होता. मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीचा तो चिटणीस होता. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखासंबंधीचे भूगर्भशास्त्रीय लेख एकत्र करून त्याने १८५७ साली त्यांचा ग्रंथ सिद्ध केला. आणि मुंबईच्या तळ्याडबक्यांतील गोड्या पाण्याचे सूक्ष्म जीव हा तर त्याचा आवडता विषय. त्याच सुमारास, १८५८ साली, मुंबईत दुसरा एक डॉक्टर कार्टर दाखल झाला. तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. शरीरशास्त्रावरील ग्रेच्या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारा. दोघे डॉक्टर, दोघे हेन्री कार्टर, दोघे मुंबईचे, दोघे सूक्ष्मदर्शकाचे भक्त. साहजिकच या दोघांची गल्लत होते. नावासारखे नाव असले म्हणजे माणूस तोच असे नाही, हा धडा आपल्या विषयाला पुढे उपयोगी पडेल.

हेन्री जॉन कार्टरने १८५८ साली लंडनच्या एका निसर्गशास्त्रीय मासिकात मुंबई बेटाभोवतीच्या समुद्राच्या तांबड्या रंगद्रव्यावर एक टिपण प्रसिद्ध केले. त्या पाण्यात त्याला एक सूक्ष्म जीव विपुल आढळला. एरेनबर्गने पूर्वी ‘पेरिडिनियम’ या नावाची एक प्रजाती स्थापिली होती, तिच्यात कार्टरने आपल्या जीवाला घातले आणि रक्तासारख्या रंगावरून त्याला ‘सँग्विनियम’ असे विशेषण दिले. हा जीव आधी हिरवा असतो आणि पुढे त्याच्यात तांबडे द्रव्य साठून तो लाल होतो, असे त्याने नमूद केले. ही नोंद मोलाची आहे. तोच जीव आज हिरवा आणि उद्या तांबडा असेल, तर रंग ही ओळखीची पक्की खूण होऊ शकत नाही, हे तिच्यातून आपोआप निघते. आणि तरीही कार्टरला नाव द्यावे लागले ते रंगावरूनच. कारण अधिक खोल पाहण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते.

येथे नावाची पद्धत थोडक्यात सांगितली पाहिजे. लिनियसच्या काळापासून प्रत्येक जीवाला दोन शब्दांचे नाव असते. पहिला शब्द आपल्या आडनावासारखा. त्याला प्रजाती म्हणतात. दुसरा शब्द त्या घरातल्या व्यक्तीचा, ती जाती. पुढे संशोधनाने घराणेच चुकले असे ठरले, तर आडनाव बदलते, पण दुसरे नाव शक्यतो तेच राहते. आणि एकाच जीवाला दोघांनी दोन नावे दिली असतील, तर ज्याचे आधीचे ते चालते. नियम साधा आहे. पण त्यापायी शास्त्रज्ञांमध्ये शंभर-शंभर वर्षे वाद चालले आहेत.

कार्टरचा जीव ज्या मोठ्या समूहातला, त्याला ‘डायनोफ्लॅजेलेट’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘डिनोस’ म्हणजे गरगर फिरणे, आणि लॅटिनमध्ये ‘फ्लॅजेलम’ म्हणजे चाबूक. या जीवांना चाबकासारखे दोन बारीक तंतू असतात. एक मागे लोंबतो आणि जीवाला पुढे ढकलतो. दुसरा कमरेभोवतीच्या खाचेत पट्ट्यासारखा बसून त्याला भोवऱ्यागत फिरवितो. आज हे सांगणे सोपे आहे. परंतु कार्टर लिहीत होता त्या वेळी कमरेच्या खाचेत होणारी थरथर ही बारीक केसांच्या रांगेची आहे असेच बहुतेक समजत, आणि त्या समजुतीवर समूहाचे नावही बेतलेले होते. १८८३ च्या सुमारास क्लेब्स या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की तेथे केस नाहीत, एकच लांब तंतू आहे. मग १८८५ साली ब्यूचली याने आजचे नाव रूढ केले.

ज्या जीवांवर कवच असते, त्यांचे कवच बहुधा लहानमोठ्या चकत्यांचे असते. फरशीचे तुकडे जोडावेत तशा त्या जोडलेल्या असतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक जातीत ठरलेली असते. अमेरिकेतील कोफॉइड याने १९०९ साली या चकत्यांना क्रमांक देण्याची रीत घालून दिली. टोकाकडील किती, कमरेच्या वर किती, खाली किती, कोणती चकती कोणत्या चकतीला चिकटली आहे, हे मोजून जीव ओळखावयाचा. पोलिसांना जसे बोटांचे ठसे, तशी ही खूण. कार्टरच्या टिपणानंतर ही रीत येण्यास अर्धशतक लोटावे लागले. त्याच्या जीवाच्या चकत्यांची अशी मोजदाद झालेली नाही. आणि पेरिडिनियम हे आडनाव आता मुख्यतः गोड्या पाण्यातील जीवांपुरते राखले गेले आहे. म्हणून मुंबईच्या त्या तांबड्या पाण्याच्या धन्याला आजच्या कोणत्या नावाने हाक मारावी, हे केवळ जुन्या वर्णनावरून ठरविणे अवघड आहे. यात कार्टरला उणेपणा नाही. त्याने जे पाहिले ते लिहून ठेवले, म्हणून आपल्याला निदान त्याची उणीव तरी कळते.

आता प्रश्न असा की, चकत्या मोजण्याच्या या खटाटोपात माणसाचे हित कोणते? त्यासाठी तिसऱ्या एका कार्टरची गोष्ट सांगतो. १७९३ च्या जून महिन्यात कॅप्टन व्हँकुव्हरची माणसे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होती. न्याहारीला त्यांनी तेथील शिंपले भाजून खाल्ले. थोड्याच वेळात काहींचे ओठ, हात, पाय बधिर झाले आणि जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी मरण पावला. त्या जागेला विषाची खाडी असेच नाव पडले. शिंपले कुजलेले नव्हते. मग विष आले कोठून?

उत्तर मिळण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अशीच विषबाधा पसरली, तेव्हा सोमर, मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने तपास केला. शिंपल्यात जन्मतः विष नसते. ते समुद्राचे पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खातात, आणि त्या जीवांपैकी एक विशिष्ट डायनोफ्लॅजेलेट विषारी असला तर त्याचे विष शिंपल्यात साठते, असे त्यांनी १९३७ साली दाखविले. त्या जीवाला आदल्याच वर्षी ‘गोनिऑलॅक्स कॅटेनेला’ असे नाव मिळाले होते. हे विष रांधून जात नाही. त्यावर उतारा नाही. श्वास चालू ठेवणे एवढाच उपाय वैद्याच्या हाती असतो. आज अनेक देशांत शंभर ग्रॅम मांसात ऐंशी मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक विष आढळले की शिंपल्यांची विक्री बंद करतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, हे ध्यानात घेतले म्हणजे विषाची तीव्रता कळेल.

पण या जीवाचे घराणे तरी एकदाच ठरले का? नाही. १९६० साली हलीम या इजिप्ती शास्त्रज्ञाने अलेक्झांड्रियाच्या बंदरातील तांबड्या पाण्यातून एका बारीक जीवाचे वर्णन केले आणि शहरावरून त्याला ‘अलेक्झांड्रियम’ हे आडनाव दिले. पुढे १९८५ साली अर्जेंटिनाच्या बालेक याने चकत्यांची तुलना करून दाखविले की, कॅलिफोर्नियाचा तो विषारी जीव आणि त्याचे भाऊबंद याच घराण्यातले आहेत. मधल्या काळात त्यांना एकाहून अधिक आडनावे लागून गेली होती. २०१४ साली तर आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून या गटाची नव्याने पाच जातींत वाटणी सुचविण्यात आली. दिसण्यात एकसारखे वाटणारे दोन जीव एक विषारी आणि दुसरा निरुपद्रवी असू शकतात, हे या तपासातून स्पष्ट झाले. येथे मुंबईचे दोन कार्टर आठवावेत.

याच्या उलट उदाहरण ‘नॉक्टिल्युका’चे. कोकणात रात्री लाट फुटताना समुद्र निळा उजळतो, तो बहुधा याच्यामुळे. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूच्या किनाऱ्यावर हे दृश्य पाहावयास लोक लोटले होते. हा जीव इतका मोठा की, चांगल्या नजरेच्या माणसाला तो नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारखा दिसतो. १८१० साली मकार्टनी याने त्याला जेलीमाशांत घातले आणि ‘लखलखणारा’ अशा अर्थाचे ‘सिंटिलन्स’ नाव दिले. १८१६ साली सुरिरे या फ्रेंच डॉक्टराने सुचविलेले ‘नॉक्टिल्युका’, म्हणजे रात्रीचा दिवा, हे आडनाव प्रसिद्ध झाले. याच सुरिरेने जातीला ‘मिलिॲरिस’ म्हटले. त्याचा अर्थ बारीक भरड धान्याच्या दाण्यासारखा. वरी-राळ्याचा दाणा पाहिलेल्या खानदेशी माणसाला हे नाव समजावून सांगावयास नको. नंतर हेकेलने त्याच्यासाठी निराळाच वर्ग काढला. १८७० नंतर त्याची पिले तपासली गेली, तेव्हा ती डायनोफ्लॅजेलेटासारखी दिसली. आणि १९२० साली कोफॉइडने त्याला त्या समूहात आणून बसविले. मकार्टनीचे नाव आधीचे म्हणून १९२१ पासून ‘नॉक्टिल्युका सिंटिलन्स’ हेच नाव ग्राह्य ठरले. बाळपण पाहिल्यावर कूळ कळले, असा हा प्रकार.

हा जीव शिंपल्यांतून माणसाला लकवा आणणारे विष तयार करीत नाही. परंतु त्याचे दाट थर साचून कुजू लागले म्हणजे पाण्यातला प्राणवायू संपतो, त्याच्या अंगातील अमोनिया पाण्यात मिसळतो आणि मासे गुदमरतात. म्हणजे एक जीव पानातून मारतो, दुसरा कोळ्याच्या जाळ्यावर घाला घालतो. दोघांवर उपायही निराळे. नाव ठाऊक नसेल तर उपाय कशावर करणार?

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा इतिहासही हेच सांगतो. १९०८ साली मद्रास सरकारच्या मत्स्य खात्यातील जेम्स हॉर्नेल मलबार किनाऱ्यावर होता. तेथे पाण्याचा रंग पालटतो आणि मासे मरतात, त्याला एक सूक्ष्म जीव कारण आहे, असे त्याने ओळखले आणि १९१७ साली त्यावर लिहिले. पुढे सुब्रह्मण्यन यांनी १९५४ साली कालिकतजवळील अशाच हिरव्या पाण्याचा अभ्यास करून त्यातील जीवाला हॉर्नेलच्या गौरवार्थ ‘हॉर्नेलिया मरीना’ हे नाव दिले. तो डायनोफ्लॅजेलेट नसून दुसऱ्याच समूहाचा निघाला, आणि १९८२ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याला ‘चाटोनेला’ या घराण्यात नेले. सुब्रह्मण्यन यांनी त्याच १९५४ साली आणखी एक गोष्ट दाखविली. कालिकतच्या समुद्रात हिरवा दिसणारा नॉक्टिल्युका स्वतः हिरवा नसतो. त्याच्या पोटात हजारो हिरवे जीव भाडेकरूसारखे राहतात. कार्टरचा जीव वयाप्रमाणे रंग बदलतो, आणि हा तर उसना रंग घेऊन वावरतो!

शिंपल्यांच्या विषाचा प्रसंग आपल्या देशातही आला आहे. १९८१ साली तमिळनाडूत तिघांचा, १९८३ साली मंगळुराजवळ एका मुलाचा आणि १९९७ साली केरळातील विळिंजम येथे सात जणांचा बळी गेला. कोकणात आणि गोव्यात तिसऱ्या आणि शिनाणे आवडीने खातात. शिजविले म्हणजे सारे शुद्ध झाले, ही आपली स्वयंपाकघरातली श्रद्धा येथे कामास येत नाही. मंगळूरच्या किनाऱ्यावर पुढे ‘गिम्नोडिनियम कॅटेनॅटम’ या विषारी जातीचाही पत्ता लागला. अशा कित्येक जाती प्रतिकूल काळात कवच गुंडाळून चिखलात बीजासारख्या पडून राहतात आणि जहाजांच्या तळटाक्यांतील पाण्यातून एका बंदराहून दुसऱ्या बंदराला जातात. म्हणून २००१ च्या सुमारास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई बंदरातील जीवांची मोजदाद हाती घेतली. कार्टरने ज्या किनाऱ्यावर हे काम सुरू केले, तेथेच ते पुन्हा करावे लागले.

आणखी एक गोष्ट अरबी समुद्रातच घडत आहे. या शतकाच्या आरंभापासून हिवाळ्यात तेथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड पट्टे दिसू लागले. गोव्याच्या संस्थेचे प्रभु मातोंडकर आणि अमेरिकेतील गोम्स व गोएस यांनी इतरांसह २०१४ साली याचा संबंध प्राणवायू कमी असलेल्या पाण्याशी जोडला. नंतरच्या काही संशोधकांनी हिवाळ्यात खालून वर येणाऱ्या पोषक क्षारांना अधिक महत्त्व दिले. हा वाद अजून मिटलेला नाही. पण कर्ता कोण याविषयी वाद नाही, म्हणूनच कारणाविषयी वाद करता येतो. ओळख ही पहिली पायरी. ती पक्की असली तरच पुढच्या पायऱ्यांवर भांडण करण्यात अर्थ.

श्रोतेहो, आरंभी मी म्हटले की खानदेशाला समुद्र नाही. ते अर्धेच खरे आहे. आपली तापी सुरतेजवळ अरबी समुद्रालाच मिळते. आपल्या केळीच्या बागांना आणि कपाशीला घातलेल्या खताचा जो अंश पावसात वाहून जातो, तो त्याच वाटेने निघतो. आणि किनाऱ्याच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढले की सूक्ष्म जीवांचे पीक फोफावते, हे जगभर अनुभवास आले आहे. तेव्हा समुद्राच्या रंगाची चौकशी ही केवळ किनाऱ्यावरच्या लोकांची चौकशी नव्हे.

आणि शेतकऱ्याला तरी हे नवे कोठे आहे? पिकावर पडलेला रोग नुसत्या पिवळ्या पानावरून ओळखून औषध मारणाऱ्याचे काय होते, हे आपण सारे जाणतो. पान पिवळे पडते ते पाण्याने, किडीने, बुरशीने किंवा नुसत्या उपासमारीनेही. जाणता माणूस पान उलटून पाहतो, मूळ उपटून पाहतो, आणि मगच रोगाचे नाव उच्चारतो. कार्टर, क्लेब्स, कोफॉइड, सुब्रह्मण्यन यांनी समुद्राच्या बाबतीत एवढेच केले. त्यांची कित्येक नावे पुढे बदलली. ती बदलता आली, कारण प्रत्येकाने काय पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. पाण्याचा रंग ही साक्ष आहे. ती ऐकावी, नोंदवावी, पण निवाडा तिच्यावर देऊ नये. विळिंजमच्या सात माणसांच्या पानात जे आले, त्याचा रंग कोणालाच दिसला नव्हता.